अकरा घरांचं आडनाव

"साळूबाईच्या आडनावाच्या मागं लागू नको," सासू शहाबानो म्हणाली होती. "त्येवढंच हाय तिच्याकडं." सुहानानं हसून सोडून दिलं. शिरूरच्या त्या घरात पुण्याला जाऊन जर्मन शिकलेली ती एकटी. सासूचं काय मनावर घ्यायचं?

साळूबाई ड्रायलिंडर सुहानाच्या तान्ह्या मुलीला, सुफियाला सांभाळायची. नाव ऐकून वाणीसुद्धा विचारायचा, "हे कुठलं गाव, मावशी?" साळूबाई ताठ व्हायची. "गाव न्हाई, माझ्या आईचं नाव हाय. जर्मन नर्सबाई व्हती. पदरात घेतलं तिनं मला."

ती वाढली दौंडकडच्या एका मिशनच्या वसतिगृहात. नर्सबाई मायदेशी गेली त्याला चाळीस वर्षं झाली होती. तिची कबर कुठं आहे, मरताना तिनं आपलं नाव काढलं का, एवढंच साळूबाईला कळायला हवं होतं.

१९९८ साली सुहानाचा नवरा इनुस सणसवाडीच्या कंपनीत होता. तिथं आलेल्या जर्मन इंजिनिअरकडं त्यांच्या देशाच्या फोनबुकाची सीडी होती. सबंध देशात ड्रायलिंडरांची अकरा घरं निघाली, त्यातली आठ एकाच नदीकाठची. सुहानानं अकराही घरांना पत्रं टाकली. साळूबाई रोज विचारायची, "आला का गं माझ्या माहेरचा कागद?"

तीन महिन्यांनी एक आला, नर्सबाईच्या भाच्याचा. त्यानं मनापासून लिहिलं होतं. त्यांच्या जुन्या गिरणीपुढं लिंडेनची तीन झाडं होती, त्यावरून हे आडनाव पडलं; जर्मनमध्ये 'ड्राय' म्हणजे तीन. आत्या १९७१ला वारली, कबर तिथंच गावात आहे. शाळेच्या रजिस्टरात आडनाव लागतं म्हणून तिनं वसतिगृहातल्या साठ मुलींना आपलंच दिलं होतं. 'आमच्यापेक्षा ड्रायलिंडर तुमच्याकडंच जास्त असतील,' असं त्यानं गमतीनं लिहिलं होतं. साळूचा उल्लेख मात्र आत्याच्या कागदांत कुठंच सापडला नव्हता.

सुहाना ओळ न् ओळ मराठीत सांगत गेली. काही गाळायचं तिला सुचलंच नाही. मान वर केली तेव्हा साळूबाई सुफियाचं दुपटं सारखं करत होती.

"साठ?"

"मावशी, तसं नाही..."

"आसंल. पोरी लई व्हत्या." मग दुपट्याचं टोक खोचून म्हणाली, "मला वाटलं, बाकीच्यांनी माझं बघून लावलं."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिच्या खोलीला कुलूप. शहाबानो सुफियाला सुहानाच्या मांडीवरून उचलून आत घेऊन गेली. सुहानाला तेच जास्त लागलं.

साळूबाईला दौंडच्या एसटीत बसताना कुणीतरी पाहिलं होतं. सुहाना दोनदा दौंडला जाऊन आली. स्टेशन, चर्च, सरकारी दवाखाना, सगळीकडं साळूबाई ड्रायलिंडर म्हणून विचारलं. कुणालाच माहीत नाही. ते नाव ती आता सांगतच नसेल, हे सुहानाच्या फार उशिरा ध्यानात आलं.

तुम्ही दौंडकडचे असाल तर सुहानाचं तुमच्याकडं एक मागणं आहे. पासष्टीची, ठेंगणी, डावा पाय किंचित ओढत चालणारी बाई कुठं एकटी दिसली, तर तिला आडनाव विचारू नका. मावशी, जेवण झालं का, एवढंच विचारा. आणि शिरूरला कळवा.