डावा गिअर, उजवा गिअर

राजरत्नच्या घरात २००४ सालापासून एकच प्रश्न चालू होता: बुलेट घ्यायची, पण जुनी की नवी? जुनीचा गिअर उजव्या पायात आणि ती किक मारून सुरू होणार. नवीचा गिअर डाव्या पायात आणि तिला नुसतं बटण. एवढ्यावर पाच वर्षं काढणारा माणूस उल्हासनगरच्या कॅम्प पाचात दुसरा नव्हता.

प्रश्न मुळात त्याच्या वडिलांचा, रामभाऊंचा. तरुणपणी ते ट्रकमध्ये उभे राहून वीस मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर गेले होते. तिथं त्यांनी एक म्हातारा बुलेटवरून आलेला पाहिला. गाडी मुलगा चालवत होता आणि म्हातारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे ऐटीत बसला होता. कारखान्यातून रिटायर झाल्या दिवशी ते राजरत्नला म्हणाले, “एकदा तुझ्या मागं बसून तसं महाडला जायचंय बग.”

राजरत्न हुरळला आणि चौकशीला लागला. कॅम्प एकातला गाडीविक्या सिंधी शेठ म्हणाला, “अरे साईं, किक मारके घुटना क्यों तोडना? बटन दबाव, निकलो!” अंबरनाथचा मेकॅनिक अनंता म्हणाला, “भाऊ, जुनी गारी म्हंजे लोखंड. नवी म्हंजे मिक्सर.” राजरत्नला दोघांचंही पटलं. ज्याचं त्याचं पटायचं, हीच त्याची खोड. त्यात एका वर्षी कुणीतरी सांगितलं, नवं इंजिन येतंय, थांब. तो थांबला.

दर फेब्रुवारीत रामभाऊ विचारायचे, “ठरलं का रं?”

“होत आलंय, आबा.”

प्रीती, राजरत्नची बायको, रोज स्कूटीवरून बदलापूरच्या शाळेत शिकवायला जायची. ती या चर्चेत कधी पडली नाही. सासऱ्यांचा गुडघा दुखायला लागलाय, हे मात्र तिच्याच लक्षात आलं होतं.

२००९ साली राजरत्नने कंबर कसली. अनंताने एक जुनी आणि एक नवी अशा दोन गाड्या आणून ठेवल्या. वीस मार्चला सकाळी येऊन आवडेल ती न्यावी, व्यवहार मागाहून. राजरत्नने रजा टाकली. सहा वाजता घरातून निघाला तेव्हा आबा पांढरा सदरा घालून, निळी टोपी मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. “अर्ध्या तासात आलो,” तो म्हणाला.

जुनीवरून तो बारवी धरणापर्यंत जाऊन आला. झकास! मग न्याय म्हणून नवीवरूनही गेला. तीही झकास! वळणावर ब्रेक समजून त्याने गिअर दाबला, म्हणून खात्रीसाठी पुन्हा जुनीवर बसला. साडेअकराला त्याला एकदम सुचलं की बसायचं आबांना आहे, तेव्हा त्यांनाच विचारावं. पाच वर्षांत हे पहिल्यांदाच सुचलं होतं. तो रिक्षाने घरी आला.

दाराला कुलूप. शेजारच्या गोजरबाईंनी किल्ली हातात दिली. “तुजी बायको आन् आबा मघाच गेले, सातला. स्कूटीवर. म्हाडला.”

राजरत्नचं तोंड उतरलं. त्याने फोन लावला. तिकडे गर्दी, घोषणा चालल्या होत्या. प्रीतीने फोन आबांकडे दिला.

“आबा, थांबायचं ना! दोन्ही गाड्या तयार होत्या!”

“अरं, हिला गिअरच न्हाई,” रामभाऊ खुशीत हसले. “डावा न्हाई का उजवा न्हाई. ठेंगणी हाय, टांग बी उंच टाकावी लागली न्हाई. मधी दोनदा च्या पिलो, आन् पोचलो बी.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “रस्ताभर प्रीतीच्या खांद्यावर हात ठिवला. पाच वर्सं त्यो तुज्या खांद्यासाठी राखून ठिवला हुता, राजा.”

राजरत्नला भडभडून आलं. काहीतरी बोलायला हवं होतं, माफी मागायला हवी होती. पण तोंडाला पाच वर्षांची सवय.

“कुठला खांदा, आबा?” तो म्हणाला. “डावा की उजवा?”

पलीकडून प्रीतीचा आवाज आला, “अहो, ते तळ्याच्या पायऱ्या उतरायला लागलेत. मी त्यांना धरते. ठेवू?”