आल्तारावरची बोट

ॲनिशाच्या एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमधून समुद्र दिसत नाही. समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात. तरी रोज पहाटे ती पाचूबंदरला वडिलांना, आलोशियसना, घोळ मासा समुद्रात कुठे मिळेल ते कळवायची. उपग्रह पाण्याची ऊब आणि रंग टिपतो. त्यावरून मासळीचा माग दाखवणारे नकाशे वाचणं हीच तिची नोकरी. वडिलांची एकच अट होती: जागा कोणाला सांगायची नाही. त्याच बंदरातून बोट नेणाऱ्या कल्पेशला तर नाहीच.

शनिवारी दुपारी दोनला उपग्रहाकडून वाऱ्याचा नकाशा आला. सकाळचा निळा पट्टा लाल झाला होता. पाचपर्यंत वादळ वडिलांच्या जागेवर पोचणार होतं. तिथे फोन लागत नाही; पण बोटीवर बसवलेलं यंत्र ठिकाण दाखवतं आणि इशाराही वाजवतं. तिने बचाव केंद्राला फोन केला.

"तुमच्या वडिलांची बोट बंदरातच आहे, मॅडम. निवांत राहा."

तिने आईला फोन लावला. "मम्मी, पप्पा आले?"

"नाय गं." मॅग्डलीन अडखळली. "यंत्र घरात हाय. आल्तारावर, मरियामातेच्या मागं. कल्पेश मोबाईलवर त्याचा ठिपका बगून मागं येतो, म्हनून तुजा बापूस काढून ठेवतो."

"ते वाजलं नाही?"

"कवाचं वराडतंय मेलं. मी उशी ठेवली वर."

ॲनिशाने पुन्हा केंद्राला फोन केला आणि जागा सांगून टाकली.

"सगळ्यात जवळ कल्पेश म्हणून कोणाची बोट आहे," पलीकडचा म्हणाला. "त्यांना पाठवू?"

कल्पेशबद्दलची अट मोडायला तिला एक श्वास लागला. "पाठवा."

उपग्रह पुन्हा त्या पाण्यावरून जाणार होता तो दुसऱ्या दिवशी. हातात उरला मोबाईलवरचा कल्पेशचा ठिपका. तो वळला. साडेचारला जागेवर पोचला आणि थांबला. दहा मिनिटं. वीस. थांबणं म्हणजे सापडणं, शोधणं की बुडणं, हे ठिपका सांगत नाही.

मग तो निघाला. अर्ध्या वेगाने, मागे काहीतरी ओढत असल्यासारखा.

ॲनिशा धक्क्यावर पोचली तेव्हा आलोशियस दोरखंड सोडवत होते. इंजिनात पाणी शिरलेलं, अंगावर कल्पेशचा शर्ट.

"काका, जागा झकास हाय तुमची," कल्पेश म्हणाला.

आलोशियसनी लेकीकडे पाहिलं. घरी गेले, उशी उचलली, यंत्र आणून बोटीला घट्ट बांधलं.

"उद्यापासनं दोन जागा पाठव," ते म्हणाले. "एक त्याला."

कल्पेश लांब जाईपर्यंत थांबले.

"बरी असंल ती मला."