गिटारचा टवका

"काका, हे हिरवट का दिसतंय?"

निशिगंधाने गिटार दुकानाच्या दाराशी उजेडात नेऊन भागोजीला विचारलं. देवरूखच्या शाळेत शिकवणारी ही मुलगी. एसटीत चढताना गिटार दांड्यावर आपटली आणि पुढच्या अंगाचा चांगला नखाएवढा टवका उडाला. शनिवारी शाळेचा कार्यक्रम, म्हणून ती भागोजीकडे आली होती. रत्नागिरीत देव्हारे, पाळणे, भजनाच्या पेट्या यांना पॉलिश करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गिटार काय नि देव्हारा काय, लाकूड ते लाकूड, असं म्हणून त्याने ती ठेवून घेतली.

काम त्याने मन लावून केलं होतं. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत रंग कालवून ती काडीने थेंब थेंब सोडून खड्डा भरला, वाळू दिला, बारीक कागदाने घासला. बोट फिरवून जोड कळत नव्हता. डोळ्यांना मात्र तिथे शेवाळ धरल्यासारखं दिसत होतं.

"वाळल्यावर मिळतो रंग," तो सवयीने बोलून गेला.

"वाळलंय की, काका."

भागोजीला तांबडा आणि हिरवा रंग वेगळे दिसत नसत. जन्मापासूनच. असा माणूस पॉलिशच्या धंद्यात पडतो म्हणजे आंधळ्याने मोती पारखण्यातली गत. पण त्याचा धंदा चालला, आणि झोकात चालला. कारण रंग कालवायची वेळ झाली की मागच्या दारातून त्याची बायको काशी चहा घेऊन यायची. वाटीत एक नजर टाकायची आणि गेरू, पिवडी किंवा काजळी, ज्याची चिमूट कमी असेल त्या डब्याशेजारी कप ठेवून जायची. कप भागोजीच्या हातात दिला, की रंग जुळला. गिऱ्हाइकं चेष्टा करत, की चहाशिवाय भागोजीचा हात चालत नाही. "पण नजर बघा म्हाताऱ्याची!" असंही म्हणत. काशी रिकामे कप उचलून आत जायची.

मागच्या शिमग्यानंतर काशी गेली. तेव्हापासून एक पाळणा आणि एक देव्हारा बिघडला. दोन्ही वेळा भागोजीने खापर पावसाळी हवेवर फोडलं. तिसरं काम बिघडलं तर दुकानाला कुलूप घालायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि आता ही मुलगी उजेडात उभी राहून वाट बघत होती.

कुलूप घालणं सोपं होतं. पण हातांना अजून काम हवं होतं, आणि ते सोडायच्या विचाराने त्याला रडू येई.

"बाय, हितं बस," त्याने स्टूल ओढलं. "येक सांगतंय, हसू नुको. मला रंग कलत नाय गो. तांबडा न् हिरवा, दोन्ही येकच."

निशिगंधा हसली नाही. "मग आजवर कसं केलंत?"

"झाला कसातरी," तो म्हणाला. "तू वाटीत बघ. काय कमी हाय ता सांग."

त्याने भरलेली लाख नखाने अलगद खरवडून काढली. नवी कालवली. "गेरू घाला," निशिगंधा म्हणाली. त्याने चिमूट घातली. "अजून थोडा. नाही, थांबा, बस." दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा तिने वाटी गिटारला लावून बघितली आणि मान हलवली. दोन दिवसांनी ती न्यायला आली, तेव्हा टवका नेमका कुठे उडाला होता ते तिलाच शोधावं लागलं.

ती गेली, आणि थोड्या वेळाने भजनी मंडळातला अनिल देवळातली पेटी घेऊन आला.

"नाना, ठेवून जातंय. सांजचा येतो."

"रंग घालताना हितं बसायला लागंल."

"मी? कशाला?"

"रंग बघायला. मला दिसत नाय."

"काय चेष्टा करताव नाना! मग येवढी वर्सं कोण बघीत होता?"

भागोजीने स्टूल पुढे सरकवलं.

"आमची काशी," तो म्हणाला, समोरच्या दुकानातही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.