लाल कड्याची दुसरी आग

इनिशबान बेटावर प्रत्येक घराची आग पेटवायची जागा ठरलेली होती. सोरकाच्या घराची, म्हणजे फर्गल मॅकगिलच्या घराची, जागा लाल कड्यावर. पलीकडच्या किनाऱ्यावरची माणसं धूर कुठून निघतोय एवढं बघायची आणि ओळखायची, अमक्याच्या घरी अडचण आहे, अमक्या धक्क्याला होडी न्यायची. अडचण टळली की त्याच जागी दुसरी आग. तिचा अर्थ, "तुम्ही आलात, फार बरं झालं." ही दुसरी आग पेटवायला जो विसरेल, त्याच्या घरी पुढे वर्षभर कुणी चहाला जायचं नाही!

पण त्या सकाळी धुकं असं उतरलं होतं की सोरकाला स्वतःच्या अंगणातली शेळी दिसेना. आणि नेमक्या त्याच सकाळी तिच्या आईला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या.

उनामावशी, जिने बेटावरचं जवळजवळ प्रत्येक मूल या जगात आणलं होतं, ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. "फर्गल, बाळ आडवं आहे," ती सोरकाच्या बाबांना म्हणाली. "माझ्या हातचं नाही हे. डॉक्टर पाहिजे, तोही आजच. नाहीतर दोघंही जातील."

कोरडं पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, काखेत मारून बाबा कड्याकडे पळाले. सोरका मागोमाग. आग पेटली, चांगली भडकली, आणि दहा पावलांवर धुक्याने गिळून टाकली.

"बाबा, कुणाला दिसणार हे?"

"दिसेल."

"मलाच दिसत नाहीये, आणि मी इथे उभी आहे!"

तेवढ्यात तिला खांब आठवला.

खांब म्हणजे पेनरोजच्या यंत्राचा उंच खांब. येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांची नावं बिनतारी यंत्राने पलीकडच्या पोस्टात कळवायची, या कामासाठी हा कॉर्नवॉलचा लांबटांग्या इंग्रज बेटावर आला होता. सोरका शाळेतून येताजाता त्याला छळायची. "काय साहेब, आज खांबाला फळं धरली का?" तो बिचारा हसायचा आणि टोपी उचलायचा. बेटावर त्याच्याशी इंग्रजीत बोलू शकणारे मोजकेच. त्यात सोरका सगळ्यात पुढे, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

पण आज त्याच्या दारात पोचल्यावर तिच्या तोंडून नुसतं "आई... आई..." एवढंच निघालं. मग तिने एक मोठा श्वास घेतला आणि सगळं नीट सांगितलं.

पेनरोज उठलाच. पण लगेच त्याचा चेहरा पडला. "मी पाठवू शकतो. ऐकू मात्र शकत नाही. ऐकायची काचेची नळी परवा फुटली, नवी अजून यायची आहे. पलीकडे कुणी ऐकलं की नाही, ते आपल्याला कळणारच नाही."

"मग पाठवत राहायचं!" सोरका म्हणाली. "ऐकेपर्यंत!"

बाबा धापा टाकत दारात येऊन उभे राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. "त्याला म्हणावं, ते यंत्र उचल आणि लाल कड्यावर चल."

"बाबा, यंत्राला कडा लागत नाही."

"मग कुणाचं घर ते कसं कळणार?"

"नाव घालू ना. मिसेस मॅकगिल."

"अगं येडे, या बेटावर मॅकगिल नाही असं घर तरी आहे का? तीन मॅकगिलणींचे दिवस भरत आलेत! होडी गेली उत्तरेच्या धक्क्याला म्हणजे? या धुक्यात बेटाला वळसा घालत बसतील ते?"

बाबांचं अगदी खरं होतं! सोरकाने पेनरोजला सांगितलं, "नाव राहू दे. 'लाल कडा' घाला. लाल कडा, बाळ आडवं, डॉक्टर. एवढंच."

पेनरोजने यंत्राची दांडी दाबली. खोलीत निळी ठिणगी कडाडली आणि बाबा दोन पावलं मागे सरकले. पुन्हा कडकड. पुन्हा. लाल कडा, बाळ आडवं, डॉक्टर. धुक्यात दगड फेकत राहावं आणि पडल्याचा आवाजच येऊ नये, तसं वाटत होतं सोरकाला. पेनरोजचं मनगट सुजलं तरी तो थांबला नाही. "जहाजांचं काय?" असं तिने विचारलं तर म्हणाला, "जहाजं थांबतील. बाळ नाही थांबणार."

बाबा मात्र गप्प बसणारे नव्हते. त्यांनी घराघरांत जाऊन माणसं गोळा केली आणि सगळा गाव पातेली, पराती, बादल्या घेऊन लाल कड्याखालच्या धक्क्यावर उभा केला. होडी आलीच तर तिला आवाजावर येता यावं म्हणून. काय तो गोंगाट! शेळ्या पळाल्या, कुत्री रडायला लागली, आणि दुपार कलली तरी पाण्यावरून काही उत्तर येईना.

आणि मग आलं. शिंगाचा आवाज. एकदा, लांबून. मग जवळून.

"वाजवा रे!" बाबा ओरडले. "फुटली पातेली तर फुटू देत!"

होडीतून डॉक्टर उतरला तो थेट सोरकाच्या घरात घुसला. बाहेर सगळे उभे. सोरकाने पेनरोजचा हात कधी धरला ते तिलाही कळलं नाही. खूप वेळाने आतून एक चिरका, रागावलेला आवाज आला आणि उनामावशी दारात येऊन म्हणाली, "मुलगी आहे. आणि आई पाणी मागतेय."

बाबा पाणी आणायला धावले.

हात धुता धुता डॉक्टरने सांगितलं, "पोस्टातली हॅना डिव्हर. तिने ऐकलं. ती बिचारी परत परत विचारत होती, आणि तुम्ही ठार बहिरे! जेवणही सोडलं तिने. पण 'लाल कडा' म्हटल्यावर होडीवाल्यांनी पुढे काही विचारलंच नाही."

तिसऱ्या दिवशी आभाळ निवळलं. पेनरोज म्हणाला, "आई बरी आहे असं कळवू का पलीकडे?"

"कळवा की. पण आग मी पेटवणार."

सोरकाने लाल कड्यावर एवढं पीट रचलं की बाबा म्हणाले, "अगं, हिवाळ्याला ठेवशील ना थोडं?" तिने ठेवलं नाही. धूर सरळ वर गेला, जाड, पांढरा. ती पाण्यापलीकडे बघत राहिली. हॅना डिव्हर दिसायला कशी असेल, म्हातारी की तरुण, काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. पण त्या अनोळखी बाईने जेवण बाजूला सारलं म्हणून घरात आई आज भाकरी खात होती. सोरकाने दोन्ही हात वर केले आणि खुळ्यासारखे हलवले.

पुढच्या होडीने नवी नळी आली. पेनरोजने ती बसवली आणि यंत्रातून संदेशाची पहिलीच कागदी पट्टी बाहेर पडल्यावर मोठ्याने हाक मारली. सोरका धावत गेली. पट्टीवर होतं, "आग पाहिली. पोस्टाच्या मागे मीही एक पेटवली होती, दिसली का? बाळाचं नाव काय?"

सोरका हसत सुटली, आणि डोळे मात्र भरून आले. "सांगा तिला, नावावरून अजून भांडण चाललंय. आणि सांगा, तुमची आग नाही दिसली, माझ्याच धुरात लपली. उद्या पुन्हा पेटवा. मी बघत बसेन."

"अगं, पण आधी लाल कडा घाल त्यात!" दारातून बाबा ओरडले. "नाहीतर तिला वाटायचं दुसरेच कुणी मॅकगिल!"