नजरेसमोरचा घास

धावडा गावच्या कडूबाला आपल्या नजरेचा फार तोरा. रानात डुक्कर शिरलं, तर नुसता माग बघून ते कोणत्या बांधावरून आलं हे तो सांगायचा. कपाशीवरची कीडही गावात सगळ्यांच्या आधी त्यालाच दिसायची. अशा माणसाला दवाखान्यातल्या पायल सिस्टरनं नुसतं बघायचं काम दिलं, आणि त्यातच तो कच्चा निघाला.

त्याची सून दैवशाला पोटुशी होती आणि तिच्या अंगात रक्त नव्हतं. "पोटात अन्नच न्हाई तर गोळी एकटी काय करंल, आबा?" सिस्टर म्हणाल्या. "असंच राह्यलं तर बाळंतपण इथं जमायचं न्हाई. जालन्याला न्यावं लागंल. वाटंत रक्त जास्त गेलं तर दोन जिवांचा प्रश्न हाय."

कडूबा पुढं सरकला. "पण घरात पोत्यानं ज्वारी हाय, सिस्टर."

"पोत्यात हाय. हिच्या ताटात हाय का, ते कोणी बघितलं?"

कडूबाला मागं टीबी झाला होता, तेव्हा आशाताई रोज दारात यायच्या आणि तो गोळी गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. हातात दिलेली गोळी हिशेबात धरायचीच नाही, डोळ्यादेखत गिळली तीच खरी. त्याच शिस्तीनं तो बरा झाला होता. सिस्टरनं त्याला तेच काम सांगितलं. दैवशालानं दोन्ही वेळा घरात सगळ्यांच्या आधी जेवायचं. भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी, वर लिंबू, शेवटी गूळ-शेंगदाणे. आणि कडूबानं समोर बसून बघायचं.

आता आली का पंचाईत! सून सासऱ्यासमोर जेवत नाही, आणि सासरा चुलीकडं बघत नाही. कडूबानं तोड काढली. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचा, पण तोंड अंगणाकडं करून. मागं ताट वाजलं, तांब्या वाजला, की समाधानानं उठायचा. चहाच्या हॉटेलात तर त्यानं सांगूनही टाकलं, "सुनेचा इलाज म्याच करून राह्यलो."

पुढच्या तपासणीला दैवशालाचं रक्त तीळभरही वाढलेलं नव्हतं.

"आबा, डोळ्यानं बघितलं का?"

खोटं बोलणं कडूबाला जमत नसे. "कानानं बघितलं, सिस्टर."

सिस्टर हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या नाहीत.

त्या संध्याकाळी कडूबा उंबऱ्यावर बसला आणि त्यानं तोंड आत फिरवलं. दैवशालानं पदर पुढं ओढला, भाकरी मोडली, दोन-चार घास खाल्ले. मग अर्धी भाकरी आणि वरणाची वाटी तिनं अलगद टोपल्यामागं सारली.

"ते कोणासाठी, बाई?"

"आत्याबाईसाठी, मामा," ती कशीबशी बोलली. "तुमचं समद्यांचं झाल्यावर त्यांना काय राह्यतं? टोपल्यातले तुकडे खातेत. कवा कवा तेबी न्हाई."

कडूबानं चुलीपुढं बसलेल्या आपल्या बायकोकडं पाहिलं. सारा जन्म नंदाबाईनं त्याला वाढलं होतं. पण ती जेवताना कशी दिसते, हे काही केल्या त्याला आठवेना. तिला गूळ आवडतो की ठेचा? काय माहीत! डुकराचा माग काढणाऱ्या माणसाला घरातला उपास दिसला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा मोठं नवल वाटलं. ही बाई इतकी वर्षं उभी तरी कशाच्या जोरावर होती?

"अजून पीठ मळ," तो म्हणाला. "अन् तूबी बस तिच्याबराबर."

"येडे झाले का? भागवत जीप घेऊन येईलच आता."

"म्या अन् तुझा ल्योक मागून बसतो."

दोघी बसल्या, चोरी करायला बसल्यासारख्या. नंदाबाईनं वरणावर लिंबू पिळलं, घास घेतला आणि आंबटानं एक डोळा बारीक केला. कडूबा आ वासून बघत राहिला. देवळावर कळस चढताना बघावं, तसा.

"तिकडं बघा ना."

"न्हाई. सिस्टरनं बघायला सांगितलंय."

तेव्हापासून त्या घरात आधी बायका जेवू लागल्या. भागवत जाफराबादहून येताना लिंबं आणू लागला. परसात मेथी उगवली. हॉटेलात लोक हसले, तेव्हा कडूबानं एवढंच विचारलं, "तुमच्या घरची बाई रातच्याला काय जेवली, सांगा बरं?" सगळे आपापल्या कपात बघू लागले.

नववा लागला तेव्हा सिस्टरनं दैवशालाचं रक्त पुन्हा तपासलं, आणि या खेपेला त्या मनापासून हसल्या. "इथंच करू बाळंतपण, आबा."

कडूबाला भरून आलं. चूल तीच, ज्वारी तीच. कोणीतरी समोर बसून बघितलं, तर एवढं होतं?

त्यानं दाराशी उभ्या असलेल्या नंदाबाईचा हात धरला. "सिस्टर, आता हिचं बघा."

"अगं बाई, म्या का पोटुशी हाय?" नंदाबाई बोटं पदरात लपवू लागली.

"दाव बोट," कडूबा म्हणाला.

सुई टोचली तसे नंदाबाईनं डोळे मिटले. कडूबानं मिटले नाहीत.