दोन किलो वजा

मी एक जुना वजनकाटा आहे. माझ्यावर कोणी उभे नसले तरी माझा काटा दोन किलोवर असतो. मित्रांनो, तेवढे वजा करून माझे बोलणे ऐका.

एकशे चाळीस किलो.

हे माझे स्वतःचे वजन. नेपाळातल्या बिराटनगरच्या कारखान्यात मला ओतले. तीन हमालांनी माझे तुकडे पाठीवर घेऊन अकरा दिवस चढण चढली, तेव्हा मी कर्णालीच्या डोंगरांतल्या या रिमीचौरच्या धावपट्टीवर पोहोचलो. त्यांतला एक म्हणाला, "विमानाचा काटा, आणि आला कसा, तर आमच्या पाठीवर!"

पंचावन्न. सत्तर. चौसष्ट.

ती माझ्या भरभराटीची वर्षे. विमानात चढणारा प्रत्येक जण आधी माझ्यावर चढे आणि धावपट्टीचा कारकून जयबहादुर ऐडी मोठ्याने आकडा पुकारी. सामान पंधरा किलोच चाले. पण आमच्याकडे कोणी कोणाच्या दारी रिकाम्या हाताने जात नाही. सोबत कोसेली न्यावीच लागते, म्हणजे घरची काहीतरी भेट. ती लोक कोटात लपवत आणि जयबहादुरला 'दाजू', म्हणजे दादा, म्हणून सांगत:

"दाजू, थंडीत जरा अंग सुटलंय."

"हो ना. डाव्याच बाजूला सुटलंय!"

जयबहादुर हसे, पण वजन सोडत नसे. कोटासकट माणूस मोजी, त्यात विमानातले तेल मिळवी, मग वाटेत जळणारे साठ किलो वजा करी. उरले ते उतरतानाचे वजन. विमान जाई ती पलीकडच्या डोंगरावरची धावपट्टी आखूड, तिच्या टोकाला दगडी भिंत. जड विमान तिथे वेळेत थांबत नाही.

दोन किलो. दोन किलो. दोन किलो.

मग तेल महागले, पुढे मिळेनासे झाले. दिवसाला तीन विमाने येत, ती महिन्याला एकावर आली. धावपट्टीवर शेळ्या चरू लागल्या. माझ्यावर एक कोंबडी अंडी उबवायला बसली. तिचे वजनही कोणी पुकारले नाही.

चैत्रातल्या एका सकाळी शेळ्या उधळल्या. विजेवर चालणारे पहिले विमान आमच्याकडे उतरले होते.

नऊ जण निघाले. त्यांत मनसरा होती. तिच्या पोटातले बाळ आडवे होते आणि मोठे इस्पितळ पलीकडच्या डोंगरावर. पायी चार दिवस, विमानाने वीस मिनिटे. सोबत तिची सासू, नौली आमा. जयबहादुरने सगळ्यांना मोजले, कागद भरला आणि कॅप्टन अंजिला शेरचनच्या हाती दिला.

"दाजू, हे साठ कशाचे वजा केलेत?"

"वाटेत जळेल ना, बहिनी."

"काय जळेल?"

जयबहादुरने कागद परत घेतला आणि साठाचा आकडा खोडला. बॅटरी रिती झाली तरी तेवढीच जड राहते, म्हणजे उतरतानाचे वजन साठ किलोंनी जास्त. बावीस वर्षांची सवय त्याच्या हातून गणित करून गेली होती.

"साठ किलो उतरल्याशिवाय मी उडणार नाही," कॅप्टन म्हणाली.

नौली आमा काठी टेकत उठली. "मी अठ्ठावन्न भरले. मीच राहते."

"तुम्ही नाही तर मीही नाही," मनसराने तिचा पदर धरला.

मग एका म्हाताऱ्याने कोटाच्या अस्तरातून राजम्याची पिशवी काढून माझ्यावर ठेवली. "अंग उतरलं माझं," तो म्हणाला. लोक हसले आणि आपापले कोट सोडू लागले. अक्रोड आले, वाळवलेली सफरचंदे आली, तांबडा तांदूळ आला. माझा काटा चढत चढत साठावर थांबला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"थांबा," जयबहादुर म्हणाला. "हा काटा दोन जास्त दाखवतो. अठ्ठावन्नच झाले."

मित्रांनो, इतकी वर्षे मी माझ्या त्या खोडीची लाज बाळगली. त्या क्षणी ती लाज गेली. तेलाचे गणित तो विसरला होता, पण मला विसरला नव्हता.

सगळे नौली आमाकडे पाहू लागले. तिची शाल तेवढी सोडायची राहिली होती.

"मला काय बघताय? तिकडच्या बहिणीच्या दारात रिकाम्या हातानं तोंड कसं दाखवू?"

"नातवंडाचं दाखव!" मागून कोणीतरी म्हणाले.

आमाने त्याला दोन शिव्या दिल्या आणि शालीखालून तुपाचा डबा काढला.

बासष्ट.

विमान फारसा आवाज न करता उडाले. अर्ध्या तासाने रेडिओ बोलला: भिंतीच्या बऱ्याच अलीकडे थांबलो.

सव्वातीन किलो.

ही मनसराची मुलगी. दुसऱ्याच काट्यावर मोजलेली, पण मी आकडा मान्य केला आहे. राहिलेली कोसेली पुढच्या फेऱ्यांनी ज्याच्या त्याच्या दारी गेली. तूपही. आता रोज चार विमाने येतात. माझ्यामागच्या भिंतीवर जयबहादुरने खडूने लिहिले आहे: 'इथे काही जळत नाही. वजा करू नका.' खाली बारीक अक्षरात: 'काट्याचे दोन सोडून.'

मित्रांनो, तेल संपले म्हणून आभाळ बंद होत नाही. पण जे जळत नाही, ते शेवटपर्यंत वाहावे लागते. म्हणून आपले वजन खरे सांगा. आणि इकडून कधी उडालात, तर माझ्या सांध्यात एक थेंब तेल सोडा.

विमानाला ते आता लागत नाही. मला लागते.