चेर्स्तवी पाव

रादोवानने फडक्यात गुंडाळलेला पाव पुढे केला.

"घ्या, चेर्स्तवी आहे. खास तुमच्यासाठी."

पुलावर ब्रोन्याबाईंचा हात मध्येच थांबला. कातोवित्से सोडून नदीच्या पोलिश काठावर राहायला येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता.

"खास माझ्यासाठी? कोंबड्या नाहीत हो माझ्याकडे. पण अन्न टाकू नये, म्हणून नेते."

पाव काखेत मारून त्या तरातरा पलीकडे, पोलंडात निघून गेल्या. 'रविवारी जेवायला या' हे वाक्य रादोवानच्या तोंडातच राहिलं. बेकरीत पीठ मळताना आठवडाभर त्याने त्याची तालीम केली होती!

झ्देन्काने कपाळावर हात मारला. "बाबा! चेर्स्तवी म्हणजे आपल्या चेकमध्ये ताजा. त्यांच्या पोलिशमध्ये शिळा!"

"मग आधी सांगायचं ना, शहाणे!"

"तू पहिल्याच वाक्यात माती खाशील, हे मला काय माहीत?"

सोमवारी शाळेत तिचं भाषण होतं. साम्यवादी राजवटी गेल्यावर चेक, स्लोवाक, पोलिश आणि हंगेरियन असे चार शेजारी एकत्र आले. बाकीच्यांना जमलं नाही, ते या चौघांनाच का जमलं? झ्देन्काकडे कारणं ढीगभर होती. रशियाची एकच भीती, युरोपकडे जाणारी एकच वाट, खिसेही सारखेच फाटके. भट्टीसमोर उभी राहून ती ही कारणं खणखणीत आवाजात म्हणून दाखवायची. रादोवान मान डोलवायचा, आणि संध्याकाळी पुलाच्या मध्यापर्यंत जाऊन परत यायचा.

रविवारी त्याने नेहमीसारख्या दोनच ताटल्या मांडल्या. झ्देन्काची आई गेल्यापासून तिसऱ्या खुर्चीवर धुतलेल्या एप्रनांची चळत असे.

दार वाजलं. ब्रोन्याबाईंच्या हातात वाफाळतं पातेलं होतं; लसणाचा वास घरभर पसरला.

"शिळ्या पावाचं सूप," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी पाव कापला. लोण्यासारखा मऊ निघाला. तेव्हाच कळलं, काहीतरी घोटाळा आहे."

"मग इतके दिवस..." रादोवानने पातेलं धरायला हात पुढे केला.

"शिळा व्हायला नको? भारी हट्टी आहे हो तुमचा पाव."

झ्देन्काने एप्रन उचलून खुर्ची मोकळी केली. पातेलं चटके देत होतं, म्हणून भाषणाचे कागद त्याच्याखाली सरकवले.

रादोवानने पहिला चमचा तोंडात घातला. डोळ्यांत पाणी आलं. लसूण तिखट असावा.

"कसं झालंय?" ब्रोन्याबाईंनी विचारलं.

"चेर्स्तवी."

कोणत्या भाषेत, ते कुणीच विचारलं नाही.